मूठभर चुन्याचा प्रश्न

खत घातले, पाऊस वेळेवर आला, भांगलणही झाली. तरीही उडीद पिवळा का पडला आणि भुईमुगाची शेंग पोचट का निघाली? या प्रश्नाचे उत्तर खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील शेतकरी बहुधा दैवावर टाकतो, नाही तर बियाणे विकणाऱ्या दुकानदारावर. उभयतांवरील हा आरोप पुष्कळदा अन्यायाचा असतो. खरा दोषी पायाखाली असतो. तेथील तांबडी माती आंबट झालेली आहे, आणि आंबट मातीत टाकलेला खताचा पैसा पिकाच्या तोंडी लागत नाही.

शहरातील वाचकांस हा विषय परका वाटू नये. आमच्या वाचकांपैकी कितीएकांचे गावाकडे एकर-दीड एकर रान आहे. ते भाऊ कसतो किंवा कूळ कसते, आणि दसऱ्याला येणारी नाचणीची व कडधान्याची पिशवी तेथूनच येते.

कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात सह्याद्रीचा पाऊस हजारो मिलिमीटर कोसळतो. शतकानुशतके कोसळणाऱ्या या पाण्याने मातीतील चुना व मॅग्नेशियम धुऊन नेले आणि मागे उरले ते लोह व ॲल्युमिनियम. मातीचा आंबटपणा ज्या मापाने मोजतात त्यास सामू म्हणतात. सामू ७ म्हणजे माती ना आंबट ना खारट, तो ५.५ च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते. मुळांची टोके खुरटतात, ती खोल जात नाहीत, आणि पावसाने आठ दिवस ताण दिला की पीक माना टाकते. महागामोलाने घातलेले स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या कवेत अडकून पडते. कडधान्यांच्या मुळांवर ज्या गाठी हवेतील नत्र धरतात, त्याही नीट येत नाहीत. हे केवळ आपल्याच तालुक्याचे दुखणे नव्हे. भारतात सुमारे ४ कोटी ९० लाख हेक्टर जमीन आम्लधर्मी आहे आणि तिच्यापैकी जवळजवळ निम्मीचा सामू ५.५ हून कमी आहे. कोकण, गोवा, चंदगड, आजरा ही सारी त्याच पंगतीतील मंडळी.

यावर औषध चुना, हे जगभरच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. आणि येथेच आमच्या जिल्ह्याची थट्टा पाहावी! पश्चिमेस चुन्याविना भुकेली तांबडी माती. पूर्वेस, जेथे पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तेथे चुनखडीने भरलेली काळी माती. लोकापूर-यादवाडच्या पट्ट्यात तर चुनखडीच्या खाणी आहेत आणि त्यांवर सिमेंटचे कारखाने चालतात. खानापूरच्या शेतकऱ्याला हवा असलेला दगड शे-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तो इमारतींसाठी दळला जातो. शेतासाठी दळण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

‘पण चुना परवडतो कोणाला?’ असा प्रश्न विचारला जातो. तो खोटा नाही. पुस्तकी हिशेबाने माती पूर्ण सुधारावयाची तर हेक्टरी दोन-चार टन चुनखडी लागते. गाडीभाड्यासह हा खर्च अल्पभूधारकाच्या कुवतीबाहेरचा आहे. शिवाय जो दुसऱ्याचे रान वर्षाच्या बोलीवर कसतो, त्याने पुढील चार-पाच वर्षांचा चुना का घालावा? परंतु माती पूर्ण सुधारलीच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या वतीने निरनिराळ्या राज्यांतील आम्ल जमिनींवर जे प्रयोग झाले, त्यांतून सोपी तोड निघाली आहे. चुना सगळ्या रानात न फेकता पेरणीच्या वेळी फक्त सरीत, बियाण्याच्या ओळीत, हेक्टरी २ ते ४ क्विंटल टाकावा. म्हणजे गुंठ्याला २ ते ४ किलो. हे दर हंगामी करावयाचे. मूळ जेथे कोवळे असते तेथपुरती माती गोड झाली तरी रोप तग धरते. या रीतीने चुना आणि शिफारशीच्या निम्मे खत एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी पूर्ण खताच्या तोडीचे पीक आले आहे. दहा गुंठे उडदास ३० किलो चुना, हा हिशेब कोणास अवघड आहे?

मात्र चुना म्हणून काय घ्यावे, याबद्दल फसगत फार होते. शेतासाठी उत्तम ती पिठासारखी दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट. डोलोमाइटातून मॅग्नेशियमही मिळते. भिंतीला लावतो तो विझवलेला चुना अधिक तीव्र, १०० किलो चुनखडीचे काम तो सुमारे ७४ किलोंत करतो. पण तो बियाण्यास भाजतो, म्हणून दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावा आणि युरिया वा शेणखताबरोबर कधीही घालू नये, नत्र उडून जाते. चुलीची राख ही गरिबाची चुनखडी. जोर निम्म्याहून कमी, पण पालाश फुकटात. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजणाऱ्या पूर्वजांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, राखेचा गुण ठाऊक होता. ती उकिरड्यात ओतण्याची सवय तेवढी मोडावी. कागदाच्या कारखान्यातील चुन्याचा गाळही उपयोगी ठरतो, परंतु तपासून घेतल्यावाचून नव्हे. आणि दोन वस्तू चुन्याच्या नावाने घरी आणू नयेत: काळ्या दगडाच्या खडीयंत्राचा भुगा आणि जिप्सम. जिप्सम हे पूर्वेकडील चोपण जमिनीचे औषध आहे; त्याने आंबटपणा जात नाही.

चुना सर्वत्र टाकावयाचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाण्याखालील भातखाचरात काही आठवड्यांत सामू आपोआप वर येतो. तेथील भातापेक्षा त्यामागून येणाऱ्या कडधान्यास चुना अधिक लागू पडतो. नाचणी आंबटपणा बराच सोसते. बटाट्याच्या रानात चुना जास्त झाला तर बटाट्यावर खवडे येतात, तेव्हा आमच्या बटाटेवाल्या बंधूंनी हात आखडता घ्यावा. म्हणून आधी मातीची तपासणी. बांध, झाडाची सावली व उकिरडा सोडून आठ-दहा जागची वीतभर खोलीची माती मिसळून अर्धा किलो पाठवली की पुरे. २०१५ साली सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत सामूचा आकडा असतोच. ती पत्रिका कपाटात ठेवण्यासाठी दिलेली नाही.

आता सरकारचा वाटा. युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिचा बहुतेक भार सरकारी तिजोरी उचलते. नत्राची ही खते मातीचा आंबटपणा वाढवतात. १०० किलो अमोनियम सल्फेटने येणारा आंबटपणा मारण्यास सुमारे ११० किलो चुनखडी लागते. युरियास त्याहून कमी, पण लागतेच. दुखणे स्वस्तात घरपोच द्यावयाचे आणि औषधासाठी रोग्याला खाणीकडे धाडावयाचे, हा कोणता न्याय? केरळात कृषिभवनांमार्फत सवलतीचा चुना देण्याची चाल आहे. योजनांच्या कागदांत चुन्यावरील साहाय्याचा उल्लेख आपल्याकडेही आढळतो. परंतु कागदावरील चुन्याने सरी भरत नाही. मृग निघण्यापूर्वी गोणी गावच्या गोदामात आहे की नाही, एवढीच कसोटी आम्ही मानतो.

सरकार हलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. दहा टनांची एक मालमोटार दळलेली चुनखडी आणली तर सरीच्या हिशेबाने ती ८० ते १०० एकरांस पुरते. एका गावच्या कडधान्यास बहुधा पुरून उरेल. खरेदी एकत्र झाली तर भाड्याचा बोजाही वाटला जातो. आमच्या वाचकांत गावोगावच्या सोसायट्यांचे कितीतरी संचालक आहेत. खरीप कर्जवाटपाची सभा बोलावताना त्यांनी हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक सभासदाने निम्म्या सऱ्या चुन्याच्या व निम्म्या बिनचुन्याच्या ठेवाव्यात, अशी अट घालावी.