सहामाही आजी

हल्ली आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात एक नवी रूढी इतकी बेमालूम शिरली आहे की, तिला रूढी म्हणावे हेही कोणास सुचत नाही. मुलगा अथवा मुलगी अमेरिकेत असते. तेथून अपत्यजन्माची वार्ता येते. आणि पेढे वाटून होतात न होतात तोच घरात हिशेब सुरू होतो. पहिले सहा महिने मुलीची आई, पुढचे सहा महिने मुलाची आई, त्यानंतर जमल्यास पुन्हा मुलीची आई. पाटाच्या पाण्याची पाळी लागावी तशी आज्यांची पाळी लागते. या व्यवस्थेस आम्ही 'बाळंतपणाला जाणे' हे जुनेच नाव ठेवले आहे; परंतु ज्या बाळाचे बाळंतपण ते बाळ दोन वर्षांचे होऊन घरभर धावू लागले तरी ते बाळंतपण संपत नाही, यावरूनच नावात काही खोट आहे हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी यावे.

आमचे म्हणणे कटू आहे हे जाणूनच आम्ही ते मांडीत आहोत. परदेशातील आमच्या कुटुंबांनी आजीच्या मायेला बिनपगारी चाकरीचे रूप दिले आहे, आणि त्या चाकरीवर 'जिव्हाळा' अशी पाटी लावून स्वतःचे समाधान करून घेतले आहे. आम्ही उभयता गेली कित्येक वर्षे न्यू जर्सीत राहतो, आमची कन्या आता अडीच वर्षांची आहे, आणि या दोषापासून आम्ही स्वतः मुक्त नाही. तेव्हा हे बोलणे परोपदेशाचे पांडित्य नव्हे.

हा सहा महिन्यांचा आकडा तरी कोठून आला? आजीच्या मनातून नव्हे, नातवंडाच्या गरजेतून नव्हे. पाहुण्यास अमेरिकेत एका खेपेस साधारणतः सहा महिने राहू द्यावे असा तेथील सरकारचा नियम आहे, म्हणून. मायेची मुदत विमानतळावरील अधिकारी शिक्का मारून ठरवितो. त्याच्या लेखी ती बाई पाहुणी असते. घरात पाऊल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिचे पाहुणेपण संपते.

येथील आईबापांची अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. सन १९९३ च्या कायद्याने अमेरिकेत अपत्यजन्मासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. आणि पन्नासांहून कमी नोकर असलेल्या खाजगी धंद्यांस तेवढेही बंधन नाही. सन १९७१ मध्ये देशभर बालसंगोपनाची सोय करण्याचे एक विधेयक तेथील विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले होते. अध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारले, आणि तेव्हापासून तान्ह्या मुलांचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा अशीच तेथील रीत राहिली. ज्या देशास कमी लेखून आम्ही निघून आलो, त्या हिंदुस्थानात सन २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, हे आमच्यापैकी कित्येकांस ठाऊकही नसते. पाळणाघरे आहेत, पण त्यांची फी ऐकून डोळे पांढरे होतात. तेव्हा अडचण खरी. प्रश्न एवढाच की, ती भागविण्याचा भार आम्ही कोणाच्या खांद्यावर टाकला?

त्या खांद्याचा दिवस कसा जातो ते एकदा पाहू. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरी-संसार करून 'सुटले बाई' म्हणणारी एक निवृत्त शिक्षिका पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास करून येते. सकाळी सूनबाई व चिरंजीव कामावर जातात. किंवा त्याहून अवघड म्हणजे घरातल्याच एका खोलीत दार लावून, कानाला यंत्र लावून, कामास बसतात. मग दोन वर्षांचे मूल त्या दाराकडे धावणार, आणि त्यास धरून आणावयाचे, हे आजीचे पहिले काम. मुलाने सकाळपासून 'नाही' हा एकच शब्द घोकलेला. वरणभात भरवावयाचा तो खिडकीशी उभे राहून, जाणाऱ्या मोटारी मोजीत, एकेका मोटारीस एकेक घास. फोडणी टाकावी तर छतावरची धुराची घंटा किंचाळू लागते, मूल दचकून रडते, आणि आजी पदराने वारा घालीत खुर्चीवर चढू पाहते. मुलाच्या गाडीची घडी कशी उलगडावी हे तिला तीन वेळा दाखविलेले असते. मोटारीतल्या मुलाच्या खुर्चीचा पट्टा सोडवावयास अंगठ्यात जो जोर लागतो तो संधिवाताने कधीच गेलेला असतो. बाहेर जावे तर पुष्कळ वस्त्यांत पायवाट नाही, मोटार हाकता येत नाही, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार. पुण्यास ती पहाटे मैत्रिणींबरोबर तळजाईवर जात असे, गुरुवारी भजनास, महिन्यातून एकदा भिशीस. येथे दिवसभरात तिच्याशी पुरते वाक्य बोलणारे माणूस संध्याकाळी सहाला भेटते, तेही दमलेले.

आणि गुडघा दुखला तर? सहा महिन्यांच्या गोळ्या पिशवीत मोजून आणलेल्या असतात. पाहुण्यांसाठी जो विमा उतरविला जातो तो जुन्या दुखण्यांस बहुधा लागू नसतो, हे तिने ऐकलेले असते. म्हणून 'तिकडे गेल्यावर बघू' असे म्हणून ती जिन्याच्या कठड्याला धरून उतरते, आणि आम्ही ते पाहून न पाहिल्यासारखे करतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, एकत्र कुटुंबात आज्यांनी हेच केले. साफ चूक. वाड्यातली आजी एकटी नव्हती. काकू होती, आत्या होती, शेजारीण होती, आणि कंटाळा आला की मूल कोणाच्या तरी कडेवर देऊन ती कीर्तनास जाऊ शकत असे. शिवाय त्या घरात सत्ता तिची होती. येथे नियमांचा कागद शीतपेटीवर चिकटविलेला असतो. त्यातील नियम बहुतेक बरोबरच असतात हे आम्ही कबूल करतो. वर्षाच्या आतल्या मुलास मधाचे बोट चाटविण्याची आमची चाल धोक्याची आहे, हे वैद्यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु तीन मुले वाढविलेल्या बाईस तो कागद न बोलता दाखविणे, ही वैद्यकी नव्हे.

दुसरा आक्षेप गोड आहे: आजीमुळे मुलास मराठी येते. येते खरी. आमच्या आईच्या सहा महिन्यांत कन्या 'भूर', 'मंमं' येथून थेट 'आजी, मला नको म्हटलं ना' येथवर पोहोचली. आई परत गेली. कन्या पाळणाघरात जाऊ लागली. चौथ्या महिन्यात पडद्यावर आजी दिसली तेव्हा ती हसली आणि तिने इंग्रजीत उत्तर दिले. आजीने आमच्याकडे पाहिले. कारण उघड होते: आम्ही दोघे आपसात अर्धे इंग्रजी बोलतो, दमल्यावर मुलीशीही तेच, आणि मराठीचा मक्ता आम्ही आजीस देऊन मोकळे झालो होतो. जी भाषा आईबाप बोलावयास तयार नाहीत ती आजीने सहा महिन्यांत रुजवावी, अशी ही अपेक्षा. आपण तिला मातृभाषा म्हणतो. आजीभाषा म्हणत नाही.

तिसरा आक्षेप: तिला स्वतःलाच हौस आहे. असेलही. पण विचारले होते काय? तिकीट काढून 'कधी येतेस' म्हणणे म्हणजे विचारणे नव्हे. जिला 'नाही' म्हणता येत नाही तिच्या 'हो'ची किंमत किती धरावी?

परंतु आमचा खरा रोख याहून निराळा आहे. आजी आल्याने सुटका कोणाची होते? सूनबाईची फारशी नाही. ती रात्री जागतेच. सुटका होते ती बापाची. कॅलिफोर्नियात सन २००४ पासून आणि न्यू जर्सीत सन २००९ पासून अपत्यसंगोपनासाठी काही आठवड्यांची अंशतः पगारी रजा मिळते, आणि ती बापासही मिळते. आमचे किती चिरंजीव ती पुरती घेतात? पंधरा दिवस घरी बसून, मुलासह छायाचित्रे काढून, ते कामावर रुजू होतात, कारण 'आई आली आहे ना'. या लेखातील पुरुष लेखकानेही असेच केले, आणि वर कचेरीत आपल्या तत्परतेची वाहवा घेतली. स्वीडनात सन २०२४ च्या जुलैपासून प्रत्येक पालकास आपल्या पगारी रजेतील ४५ दिवसांपर्यंत दुसऱ्या कोणास, आजीआजोबांसही, देता येतात. म्हणजे आजीने मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याचा मोबदला असतो, हे तेथील राज्यास पटले. आम्हांस, तिच्या पोटच्या मुलांस, ते पटत नाही.

येथील आमची मंडळे गणपती बसवितात, नाटके आणवितात, रविवारी मराठीच्या शाळाही चालवितात. त्यांची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु शाळेत जाण्याइतके वय न झालेल्या मुलांसाठी चार घरांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवावे, एक मराठी बाई पगार देऊन ठेवावी, असा विषय सभेपुढे आलेला आमच्या तरी पाहण्यात नाही. त्यास पैसे पडतात. आजीस फक्त तिकीट पडते.

गेल्या महिन्यात आम्ही आईस लिहिले की, या वर्षी तू तीनच आठवडे ये, ऑक्टोबरात, झाडांची पाने तांबडी होतात तेव्हा. मुलीस आम्ही पाळणाघरात ठेवले आहे, तू नुसती पाहुणी म्हणून ये. तिचे पहिले उत्तर आले ते रागाचे होते: मी काय परकी आहे? दोन दिवसांनी दुसरे आले. मग डिसेंबरात मैत्रिणींबरोबर हंपीस जाऊन येऊ का, असे तिने विचारले होते. ती सहल त्यांची तीन वर्षांपासून ठरत होती, आणि दर वर्षी आईच नाही म्हणत आली होती, हे आम्हांस त्या दिवशी कळले.