मुंग्या येतात, म्हणजे नेमके काय?

प्रत्येक गोतावळ्यात एक 'त्यातला' माणूस असतो. तो 'त्यातला' कसा झाला हे कुणालाच नीट आठवत नाही. कधी काळी एखाद्या लग्नघरात बंद पडलेला टेपरेकॉर्डर त्याने चालू करून दिलेला असतो, आणि तेवढ्या पुण्याईवर पुढची तीस वर्षे मिक्सरपासून मोबाइलपर्यंतच्या सगळ्या शंका त्याच्या दारात येत राहतात. आमच्याकडे ते पद माझ्याकडे आहे. मी अभियंता नाही. माझी पदवी मराठीची, आणि विजेचे ज्ञान पुस्तके, टेस्टर आणि काही खाल्लेले झटके यांवर पोसलेले. तरीही इतकी वर्षे उत्तरे दिल्यानंतर माझे एक मत बनले आहे : हे काम मुळात विजेचे कमी आणि भाषेचे जास्त आहे. ते मत बनायला जी चूक कारणीभूत झाली, ती आधी सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. ''अरे, ते कपड्यांचं मशीन चावतं.''

''चावतं म्हणजे?''

''हात लावला की मुंग्या येतात. सगळ्यांना नाही येत. मलाच येतात.''

मी हसलो. यंत्राला माणसे कशी ओळखू येतील, असे काहीतरी म्हणालो आणि उत्तर दिले : चप्पल घालून मशीन लावत जा. उत्तर चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच ते वाईट होते. चप्पल घातल्यावर मुंग्या थांबल्या, मावशी गप्प झाली, आणि मी तो विषय विसरलो. महिनाभराने तिचा पुन्हा फोन. ''पाऊस पडला की जास्त चावतं, आणि आता चप्पल असली तरी चावतं.'' तेव्हा कुठे मी वायरमनला घेऊन गेलो. यंत्राच्या मागे उंदराने वायर कुरतडलेली होती. वरचे आवरण गेले होते, आतले अर्धेमुर्धे शिल्लक होते, आणि तांबे पत्र्याला टेकायला सुतभर अंतर उरले होते. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोके होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग नावापुरते. अर्थिंग असते तर गळणाऱ्या विजेला जमिनीकडे जाणारी सोपी वाट मिळाली असती, आणि तांबे पत्र्याला टेकताक्षणी फ्यूज उडाला असता. ते नसल्यामुळे यंत्राचा पत्रा वीज अंगावर घेऊन नुसता वाट पाहत उभा होता. मावशी घरात अनवाणी वावरणारी, ओल्या मोरीच्या कडेला उभी राहणारी. काका आणि मुले यंत्राला हात लावायची ती बाहेरून आल्यावर, बूट घातलेली असताना. 'मलाच येतात' यात हसण्यासारखे काहीही नव्हते. अनवाणी पाय, ओली जमीन, पावसातली वाढलेली गळती, असे सगळे निदान तिने दोन फोनांत सांगून टाकले होते. मी ऐकले नव्हते, एवढेच.

माणसाला विजेची पहिली जाणीव एक मिलिअँपिअरच्या आसपास होते. दहा-पंधराच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. घरात बसवायचा गळतीरक्षक स्विच तिसाला तुटावा असा बनवलेला असतो. मावशीच्या 'मुंग्या' आणि ज्याचे वर्णन करायला माणूस उरेलच असे नाही असा अनुभव, या दोहोंत एवढेच अंतर होते.

पण 'मुंग्या' या शब्दाचे आणखीही अर्थ आहेत, आणि उत्तर देणाऱ्याला ते सगळे माहीत असावे लागतात. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार मला वर्षातून दोनदा तरी ऐकायला मिळते. बहुतेक वेळा ते घाबरण्यासारखे नसते. चार्जरच्या आत विजेतला कचरा गाळण्यासाठी बसवलेल्या छोट्या कपॅसिटरमधून मिलिअँपिअरच्या एखाद्या अंशाइतका प्रवाह धातूवर येतो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये त्याला जायला वाट नसते, म्हणून तो मनगटातून जातो. पण चार्जर तीन पिनांचा असेल आणि तरीही झिणझिण्या येत असतील, तर दोष लॅपटॉपचा नव्हे, भिंतीचा. त्याच भिंतीवर उद्या गीझर लागणार आहे. एक तक्रार, एक शब्द, दोन उत्तरे. आणि कोणते द्यायचे हे ठरवण्यासाठी विचारायचा प्रश्न एवढाच, की पिना किती?

तिसऱ्या मुंग्या जुन्या टीव्हीवरच्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढची निदान तीन दशके महाराष्ट्राने पडद्यावरच्या मुंग्या पाहिल्या. गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय, खिडकीत दुसरा, आणि तो आतल्याचे शब्द वर पोचवतोय : ''थोड्या कमी झाल्या... नाही, गेलं... मागे घे... हां, सावली येतेय!'' 'मुंग्या' म्हणजे सिग्नल क्षीण. 'सावली' म्हणजे तोच सिग्नल एखाद्या इमारतीवर आपटून किंचित उशिरा दुसऱ्यांदा पोचतोय. 'चित्र पळतंय' म्हणजे उभ्या जुळणीचा दोष, मागचे बटण किंचित फिरवा. हे शब्द कुणी कोशात घातले नव्हते. गच्चीवरून खाली आणि खालून गच्चीवर ओरडता ओरडता ते घडले, आणि दोषाचे नेमके मोजमाप त्यांत होते. (त्या मुंग्यांचा बराचसा भाग हा टीव्हीच्या आतल्या विद्युतमंडलांतलाच गोंगाट असे. पण अगदी अल्प अंश विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेल्या प्रारणाचा असे. पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४ साली त्यांच्या अँटेनात जो न हटणारा गोंगाट आढळला आणि ज्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल मिळाले, तोच. आमच्या चाळीत तो रविवारच्या सिनेमाच्या आड येत असे म्हणून त्याला शिव्या मिळत.)

मग मुंग्या गेल्या. ३१ ऑक्टोबर २०१२ पासून मुंबईत केबलवर सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मार्च २०१३ अखेर पुण्याची पाळी आली, आणि दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद झाले. चित्र स्वच्छ झाले यात वाद नाही. पण जुना सिग्नल जसजसा क्षीण होई, तसतसे चित्र हळूहळू विटत जाई. मधल्या प्रत्येक पायरीला एक शब्द होता. डिजिटल सिग्नल मात्र अमुक एका मर्यादेपर्यंत उत्तम दिसतो आणि त्याखाली गेला की चौकोन चौकोन होऊन गोठतो, नाहीतर नाहीसाच होतो. तो आहे किंवा नाही. आणि मग विचारणाऱ्याजवळही एकच वाक्य उरते : ''चालत नाहीये.''

हे टीव्हीपुरते थांबलेले नाही. मराठीत अनुकरणवाचक शब्दांची केवढी श्रीमंती आहे हे आपण शाळेत व्याकरण शिकताना यादी पाठ करून विसरतो. ती श्रीमंती पंखे, मिक्सर आणि फ्रिज यांच्यापाशी खरोखर वापरात होती. पंखा 'घूं घूं' करतो पण फिरत नाही, बोटाने ढकलला की फिरतो : मोटर ठीक, दोन-अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदला, किरकोळ खर्च. पंखा 'कट् कट्' वाजतो : पाते किंवा वरची कप सैल. 'खरखर' करतो : बेअरिंग. मिक्सर 'घुर्र' करून थांबतो आणि बुडाशी जळका वास येतो : जास्त भार, बुडाचे लाल बटण दाबण्याआधी तो थंड होऊ द्या. 'फ्रिज कट होत नाही' हे वाक्य इंग्रजी शब्द घेऊनही अस्सल घरगुती मराठी आहे, आणि त्यात कॉम्प्रेसर अखंड चालतोय, म्हणजे दाराचे रबर गेले, थर्मोस्टॅट बिघडला किंवा गॅस कमी झाला, एवढे सारे येते. चांगला मेकॅनिक आल्या आल्या यंत्र उघडत नाही. तो विचारतो, ''आवाज कसा येतो?'' आणि घरातली बाई तो आवाज तोंडाने काढून दाखवते.

आता यंत्रे आवाज करीत नाहीत, कोड दाखवतात. ई-चार, एफ-सात असे काहीतरी. यावर माझे तंत्रज्ञ मित्र म्हणतात की हीच तर प्रगती. घूं आणि घुर्र यांच्यावर विसंबायचे दिवस गेले, यंत्र स्वतःच आपला आजार सांगते. त्यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. नळाला पाणी नाही म्हणून मशीन थांबले, हे कोडने सांगितल्यामुळे कित्येकांचे तपासणीचे पैसे वाचले असतील. पण यंत्र तेवढेच सांगते जेवढे मोजायला त्याला शिकवलेले असते. मावशीचे मशीन शेवटच्या दिवसापर्यंत एकही कोड न दाखवता कपडे उत्तम धूत होते. आपण चावतो आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते.

मला जास्त राग येतो तो आपल्या पिढीच्या उत्तर देण्याच्या तऱ्हेचा. आईवडिलांनी काही विचारले की आपण त्यांच्या हातातून ती वस्तू काढून घेतो, चार वेळा बोट फिरवतो आणि ''झालं'' म्हणून परत देतो. काय झाले होते, का झाले होते, हे सांगत नाही. 'बंद करून चालू कर' हे उत्तर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असते. राउटरच्या किंवा फोनच्या स्मृतीत दिवसेंदिवस साचलेली अडगळ त्याने पुसली जाते आणि यंत्र पहिल्या पायरीवरून पुन्हा सुरू होते. पण हे शेवटचे वाक्य आपण किती जणांना सांगितले? कारण न देता दिलेली कृती ही तोडग्यासारखी असते. ती लागू पडली नाही की विचारणाऱ्याकडे दुसरे काही उरत नाही. पुन्हा आपल्यालाच फोन, पुन्हा आपलाच सुस्कारा. हळूहळू माणसे विचारणे सोडतात, आणि 'आजी आता मोबाइलला हात लावत नाही' असे आपण कौतुकाने सांगतो.

बावळट वाटणाऱ्या प्रश्नांचेही तेच. ''दीड टनाचा एसी म्हणतात, मग दोन माणसांनी उचलून वर कसा नेला?'' असे एका शेजाऱ्यांनी मला विचारले होते. दुकानातले सगळे हसले म्हणे. माझ्या मते त्या दुकानात विचारला गेलेला तो त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न होता. यंत्रे येण्यापूर्वी थंडावा बर्फाने मोजला जाई. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, आजच्या हिशेबात सुमारे साडेतीन किलोवॉट. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर. त्यासाठी वीज मात्र साधारण दीड किलोवॉटच लागते, कारण यंत्र थंडी तयार करीत नाही, उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकते. एवढे कळले की 'सोळावर ठेवला की लवकर गार होते का?' याचे उत्तर शेजाऱ्यांनी स्वतःच दिले. उचलून टाकण्याचा वेग तोच, सोळापर्यंत फक्त जास्त वेळ उचलत राहील. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेला एसी चालू करताच २४ अंशांवर का येतो, हेही मग वेगळे समजवावे लागले नाही.

आता तर प्रश्न थेट यंत्रालाच टाकता येतात आणि ते क्षणात उत्तर देते. मी गंमत म्हणून 'फ्रिजला मुंग्या येतात' असे लिहून पाहिले. मला हळद, लिंबू आणि बोरिक पावडर यांचे उपाय मिळाले. (ते चुकीचे नव्हते, मुंग्या दाराच्या रबरात खरोखरच येतात.) पिना किती, पाय कोरडे होते का, हे मात्र त्याने विचारले नाही. विचारायला हवे होते हे मलाही एकदा सुचले नव्हते, म्हणून त्याला दोष देत नाही.

असो. गेल्या आठवड्यात मावशीने नवी इंडक्शन शेगडी घेतली आणि फोन केला. ''शेगडी बारीक शिट्टी वाजवते. कुकर नाही हं, शेगडीच.''

''सगळ्या भांड्यांना?''

''नाही. ते जाड, थराथराच्या बुडाचं पातेलं आहे ना, त्यालाच. आणि आच मोठी असली तरच. बारीक केली की गप्प.''

मी सांगितले की शेगडीखालचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा पालटते, आणि बुडाचे थर एकमेकांना पक्के चिकटलेले नसले की ते त्या तालावर थरथरतात. धोका नाही. पातेले भरलेले असेल तर आवाज कमी येईल.

''म्हणजे पातेलं गातंय.''

''हो.''

''मग गाऊ दे,'' मावशी म्हणाली. ''आणि ऐक, अर्थिंग मी आधीच बघून घेतलंय.''