पोलिसांनी फोन अनलॉक करायला सांगितला तर?

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. पोलीस रस्त्यात दुचाकीवाल्यांना थांबवतायत, फोन मागतायत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्चमध्ये 'गांजा' टाईप करून चॅट बघतायत. शहरात तेव्हा अमली पदार्थांविरुद्ध मोहीम सुरू होती. यावर टीका झाली तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचं उत्तर साधारण असं होतं की आम्ही जबरदस्ती करत नाही, लोक सहकार्य करतायत, कुणाची तक्रारही नाही.

माझं लक्ष त्या 'सहकार्य' शब्दावर अडकलं. समजा, रात्री साडेअकराची नाकाबंदी आहे, बाईकची चावी हवालदारांच्या हातात आहे आणि "फोन खोल" म्हटल्यावर तुम्ही पॅटर्न काढून फोन पुढे केलात. कागदावर ही तुमची संमती होते. आपण घाबरून दिला होता, हे नंतर कोर्टात पटवून देणं फार अवघड. त्यामुळे अशा वेळी फोन देण्याआधी एवढं विचारायला हरकत नाही: "साहेब, गाडीचे पेपर दाखवतो. फोन कशासाठी हवाय? काही केस आहे का, नोटीस आहे का?" आवाज चढवायचा नाही, हातापायी तर मुळीच नाही. सरकारी नोकरावर बळाचा वापर हा वेगळा गुन्हा आहे (जुनं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२). नुसता प्रश्न विचारणं किंवा नम्रपणे नकार देणं म्हणजे बळाचा वापर नाही.

पोलिसांना फोन घेताच येत नाही, असं मात्र समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९४ खाली तपासासाठी लागणारी वस्तू हजर करायला लेखी सांगता येतं, आणि त्यात आता मोबाईलसारखी उपकरणं स्पष्ट लिहिलेली आहेत. कलम १०६ खाली गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर वस्तू जप्त करता येते. पण दोन्हीकडे आधी एखादा तपास किंवा संशयाचं ठोस कारण लागतं. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचे चॅट वाचावेत, असं कुठलंच कलम सांगत नाही. त्यात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यात दखल द्यायची तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि दखल प्रमाणात हवी.

खरा गुंता पासवर्डचा आहे. संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. १९६१ च्या काठी कालू ओघड खटल्यात ११ न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे देणं ही 'साक्ष' नाही, कारण ठसा म्हणजे शरीराची खूण; त्यातून तुम्ही काही सांगत नाही. २०१० च्या सेल्वी निकालात नार्को टेस्ट सक्तीने करायला मनाई झाली, कारण तिथे तुमच्या डोक्यातली माहिती काढली जाते.

आता पिन कशात बसतो? तो डोक्यात असतो. फिंगरप्रिंट बोटावर असतं. दोन्हीने उघडतो तोच फोन, दिसतात तेच फोटो. इंजिनिअर म्हणून मला हा फरक विचित्रच वाटतो, पण वाद याच रेषेवर चाललाय. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात म्हटलं की पासवर्ड किंवा बायोमेट्रिक देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. मात्र आरोपीने नकार दिला तर पोलिसांनी कोर्टाकडून वॉरंट आणावं, असंही त्याच निकालात आहे. उलट दिल्लीच्या विशेष सीबीआय कोर्टाने २०२२ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येत नाही, असं म्हटलं. म्हणजे उत्तर राज्याप्रमाणे बदलू शकतं. पण चौकातल्या चौकात, केस नाही आणि कोर्ट नाही, तरी पासवर्ड द्यावाच लागेल, असं यातला एकही निकाल म्हणत नाही.

इथे फोनचं तंत्र कामाला येतं. फोन रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बहुतेक डेटा एन्क्रिप्टेड अवस्थेत असतो आणि फिंगरप्रिंट किंवा फेस अनलॉक चालतच नाही. एकदा पिन टाकला की एन्क्रिप्शनच्या चाव्या मेमरीत येतात आणि स्क्रीन लॉक असली तरी तिथेच राहतात. फॉरेन्सिक साधनांसाठी या दोन अवस्थांत मोठा फरक आहे. रीस्टार्ट न करता फक्त बायोमेट्रिक बंद करायचं असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेनूत 'लॉकडाउन' पर्याय असतो. नवीन आयफोनवर साइड बटण आणि व्हॉल्यूम बटण एकत्र दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच लागतो. आणि हो, पोलीस समोर दिसल्यावर चॅट डिलीट करत बसू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि साध्या मीम्ससाठी तो अंगावर घेण्यात अर्थ नाही.

रोजच्या आयुष्यात फोन पोलिसांच्या हातात जातो तो बहुतेक वेळा लायसन्स दाखवताना. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं नियमानुसार चालतात, पण त्यासाठी अख्खा अनलॉक केलेला फोन हातात द्यायची गरज नाही. अँड्रॉइडच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गाइडेड अ‍ॅक्सेस' आधीच सुरू करून ठेवा. मग स्क्रीनवर तेवढंच अ‍ॅप राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जायचं तर पिन लागतो. दोन मिनिटांचं काम आहे, आज रात्रीच करा.

फोन रीतसर जप्त झाला तर पंचनामा नीट वाचा आणि प्रत मागा. मॉडेल, आयएमईआय नंबर, फोन चालू होता की बंद, सील केला का, हे त्यात असायला हवं. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आता कलम १०५ नुसार पोलिसांनीच करायचं आहे. डेटाची कॉपी काढली की तिची हॅश व्हॅल्यू काढतात. हॅश म्हणजे सगळ्या डेटावरून गणित करून येणारी अक्षरांची एक ओळ. एका मेसेजमधला स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण बदलते. नव्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश लिहावी लागते. ती तुमच्या वकिलांनी मागून घ्यावी, कारण कॉपीत नंतर काही बदललं तर ते त्यातूनच पकडता येतं.

"तुम्ही शूटिंग का करताय?" असं दरडावलं जातं, त्याबद्दल आपल्याकडचाच एक निकाल आहे. वर्ध्यातल्या एका पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एका माणसावर ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल झाला होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. त्या कायद्यातल्या 'प्रतिबंधित जागे'च्या व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही, असं कोर्टाने सांगितलं.