डोक्याला प्लॅस्टर नसतं!

वर्गात कुणाचा हात मोडला, की प्लॅस्टरवर सही करायला केवढी झुंबड उडते! पण डोक्याला मार लागून परत आलेल्या मित्राचं काय? प्लॅस्टर नाही, पट्टी नाही. मग आपण खुशाल म्हणतो, "नाटकं करतोय!"

नाही बरं का! जोराचा मार बसला, की कवटीतला मेंदू हादरतो. त्यासाठी बेशुद्धच पडायला हवं, असं नाही. स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. पण डोकं दुखतं, गरगरतं, गोंगाट नकोसा होतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, उगाच चिडचिड होते.

२०१९ साली लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू आदळला. तो पुन्हा फलंदाजीला आलाही. पण दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला. त्याच्या जागी लाबुशेन खेळला आणि स्मिथला पुढची कसोटीही सोडावी लागली.

मग मित्रासाठी काय कराल? पहिले एक-दोन दिवस त्याला घरी आराम हवा. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडा वेळ शाळा, मग हळूहळू पूर्ण वेळ. तुमची वही त्याला द्या. डोकं दुखू लागलं, तर बाईंना सांगून शांत जागी बसवा. डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत मैदानावर मात्र ओढू नका. बरं होण्याआधी दुसरा मार बसला, तर जिवावर बेतू शकतं! उलट्या, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी दिसली, तर ताबडतोब मोठ्यांना बोलवा.

आणि हो, चिडला तर चिडू द्या. तुम्ही नका चिडू!