लष्करी ट्रकवरची क्रेन आणि तिच्यावर नसलेली पाटी

लष्कराने सेवेतून काढलेले ट्रक लिलावात विकले जातात आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर पुढे हायड्रॉलिक क्रेन चढते, ही गोष्ट विज्ञानवार्तेत सहसा येत नाही. उपग्रह, क्वांटम संगणक, नवी लस यांच्या पंगतीत ती शोभत नसावी. पण विजेचे रोहित्र चढवणे, घाटात कलंडलेला मालट्रक सरळ करणे, लाकडाचे ओंडके वा दगडाचे ठोकळे हलवणे अशी कामे या जोडयंत्रांकडून करून घेतली जातात. त्यांच्या बूमखाली उभ्या असलेल्या क्लीनरच्या जिवाचा प्रश्न निखळ पदार्थविज्ञानाचा आहे, म्हणून हे लिहीत आहे.

या उद्योगाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जर्मन मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला शक्तिमान किंवा त्यानंतरचा अशोक लेलँडचा स्टॅलियन ही रस्ता संपतो तिथून पुढे जाण्यासाठी घडवलेली वाहने आहेत. नवे क्रेनवाहन ज्याला परवडत नाही, त्याने अशा ट्रकाला दुसरे आयुष्य दिले तर ते शहाणपणाचेच आहे. ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला चीड येते. आक्षेप आहे तो जोडणी झाल्यावर जे केले जात नाही, त्याला.

सैन्याला उपयोगी पडणारे गुण क्रेनच्या मुळावर येतात. ट्रक जमिनीपासून उंच, त्यामुळे गुरुत्वमध्य वर. स्प्रिंगचे पाटे लवचिक, त्यामुळे भार एका बाजूला गेला की सबंध वाहन त्या बाजूला झुकते. खडबडीत जमिनीवर चारही चाके टेकलेली राहावीत म्हणून चासीला पिळले जाण्याची मुभा ठेवलेली असते. क्रेनला मात्र ताठ पाया हवा. म्हणून दोहोंच्या मध्ये भक्कम उपचौकट बसवून भार चासीच्या लांबीवर पसरवावा लागतो. तसे न करता चासीच्या कडेलाच भोके पाडली किंवा वेल्डिंग मारले, तर भेग नेमकी तिथून सुरू होते.

स्टॅलियनची वहनक्षमता लष्कर दोन आकड्यांत सांगते: रस्त्यावर साडेसात टन, रस्ता सोडल्यावर पाच टन. जमीन बदलली की आकडा बदलतो. त्याच ट्रकावर क्रेन बसली की मात्र तिला बोलताना एकच आकडा उरतो, ‘पाच टनाची क्रेन’. पाच टन, पण किती अंतरावर?

गणित पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे आहे. समजा, ट्रकाचे वजन सहा टन आणि मध्यरेषेपासून चाकांची बाहेरची कड एक मीटर. ट्रक उलटायचा तो त्या कडेवर, म्हणून त्याला सावरून धरणारा परिबल सहा टन-मीटर. आता मध्यापासून सहा मीटरवर केवळ एक टन ओझे घ्या. कडेपासून ते पाच मीटरवर, म्हणजे पाच टन-मीटर. चारशे किलोच्या बूमचा मध्य कडेपलीकडे दोन मीटरवर, त्याचे आणखी ०.८. बेरीज ५.८. सहाविरुद्ध ५.८! आउटरिगर, म्हणजे बाजूला काढून जमिनीवर टेकवायचे आधारपाय, दोन मीटरपर्यंत बाहेर काढा. सावरणारा परिबल बारा होतो आणि उलटवणारा ४.४ वर येतो. सुरक्षिततेचे गुणोत्तर १.०३ वरून सुमारे २.७ वर जाते. आधारपाय एक मीटर सरकल्याने हे होते, कारण कड सरकली की तराजूच्या दोन्ही भुजा एकाच वेळी बदलतात.

आणि हायड्रॉलिक सिलिंडरला यातले काहीच कळत नाही. शंभर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाब दिला की सुमारे सोळा टनांचा रेटा मिळतो. त्यामुळे यंत्राची ताकद संपण्यापूर्वीच ट्रक उलटू शकतो. चालकाला इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

आधारपायाखालच्या जमिनीचाही हिशेब आहेच. पाच टन भार तीस सेंटिमीटर चौरस पायावर आला, तर दर चौरस मीटरला पंचावन्न टनांहून अधिक होतो. भिजलेली काळी माती तो कुठून पेलणार? मीटरभर लांबीरुंदीची लाकडी स्लीपरची बैठक खाली घातली की तोच भार पाच टनांवर येतो. सिलिंडरच्या तोंडाशीच बसवायची, नळी फुटली तरी बूम जागच्या जागी रोखून धरणारी झडपही अशीच स्वस्त आणि अशीच सहज गाळली जाणारी.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचल-यंत्राची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो अधिनियम सामावला गेला. पण संहितेतील ‘आस्थापना’ सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होते. एक ट्रक, एक चालक, दोन मदतनीस हा आपल्याकडचा नेहमीचा क्रेनधंदा त्या जाळीतून अलगद निसटतो. वाहनाची नोंदणी-तपासणी होते, पण ती रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाची. उभे राहून ओझे उचलणाऱ्या यंत्राची नव्हे.

ही फट बुजवायला नवी प्रयोगशाळा लागत नाही. महामार्गावरच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलला की गुरुत्वमध्य लांबीच्या दिशेने कुठे आहे ते कळते. पुढची चाके मोजलेल्या उंचीवर चढवून मागचा आस पुन्हा तोलला की त्याची उंचीही निघते, आणि उतारावर काम करताना तीच महत्त्वाची. एवढे काम, नंतर मान्य भारापेक्षा पंचवीस टक्के अधिक ओझ्याची चाचणी, असे शासकीय तंत्रनिकेतनांनी नाममात्र शुल्कात करून द्यावे. विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेरचे यामिकी शिकायला मिळेल ते वेगळेच. एमएसटीसीसारख्या सरकारी लिलावमंचांवर निघणाऱ्या प्रत्येक लष्करी ट्रकाबरोबर त्याच्या आसांचे कोरे वजनही जाहीर करावे. सैन्याजवळ ते असतेच.

आणि शेवटी क्रेनवर चालकाच्या डोळ्यांसमोर, त्याला वाचता येईल अशा भाषेत, एक पत्र्याची पाटी हवी. कोणत्या अंतरावर किती किलो, हे त्या क्रेनचे आणि त्याच ट्रकाचे आकडे. पहिल्या ओळीत असावे: आधारपाय आत असताना, शून्य.