आपले आरोग्य : आजी जेवल्या का?

वृद्धाश्रमातील एखाद्या आजींची एकादशी असते. सकाळी नेहमीप्रमाणे त्यांना इन्सुलिन टोचले जाते. आजी मात्र दोन घोट पाणी पिऊन पुन्हा पडून राहतात. थोड्या वेळाने त्या असंबद्ध बोलू लागतात, अंगाला दरदरून घाम सुटतो. "वयच झाले आता," असे म्हणून सेविका पांघरूण घालते. वस्तुतः दोष वयाचा नसतो. रक्तातील साखर फार खाली गेलेली असते, आणि ती वेळीच न वाढविल्यास शुद्ध हरपून जिवावर बेतते.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी शोधून काढलेल्या ह्या औषधाने असंख्य मधुमेही रुग्णांचे प्राण वाचविले. परंतु पोट भरलेले असो वा रिकामे, टोचलेले इन्सुलिन साखर उतरवीतच राहते. म्हणून टोचण्यापूर्वी साखर तपासावी आणि वृद्ध व्यक्ती जेवणार आहे ना, ह्याची खात्री करावी. उपवासाच्या किंवा आजारपणाच्या दिवशी किती मात्रा द्यावयाची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने ती बदलू अथवा बंद करू नये.

दुसरी चूक बाटली व सिरिंज ह्यांच्या जोडीत होते. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिट व १०० युनिट अशा दोन प्रकारच्या मिळतात, आणि प्रत्येकीची सिरिंज निराळी असते. १०० युनिटच्या बाटलीतील औषध ४० च्या सिरिंजने मोजून दिल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते! तेव्हा दोहोंवरील आकडा दर वेळी वाचून पाहावा. तसेच, सुई बदलली तरी एकाचे इन्सुलिन-पेन दुसऱ्यास कधीही वापरू नये.

साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून त्यास नीट गिळता येत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

आश्रमात आपल्या माणसास भेटावयास जाल, तेव्हा त्याची इन्सुलिनची वहीही मागून पाहावी. वेळ, साखर, मात्रा आणि जेवण झाले की नाही, ह्या चारही गोष्टी तीत रोज लिहिलेल्या असाव्यात. वहीच नसेल, तर ती त्याच दिवशी सुरू करवून घ्यावी.