‘आम्हाला बोलता येत नाही!’

आमच्या समाजात एक वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते ऐकून आता कोणालाच काही वाटेनासे झाले आहे. ‘आम्हाला बोलता येत नाही.’ ग्रामसभेत विषय निघाला, पतपेढीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद पुढे आला, धर्मग्राम परिषदेत खर्चाची चर्चा सुरू झाली, की त्या विषयाची झळ ज्यांना सर्वाधिक लागणार असते, तीच माणसे हे वाक्य पुढे करून मागच्या बाकावर बसतात. सभा संपल्यावर फाटकाबाहेर मात्र त्यांची वाणी अस्खलित वाहू लागते. आत काय बोलायला हवे होते, हे ती बाहेर अचूक सांगतात. आणि तरीही या मौनाला आमच्याकडे नम्रतेचा मान मिळतो. ‘साधा माणूस आहे, कधी तोंड उघडत नाही’ ही आमच्याकडे प्रशस्ती ठरते. आमचा आक्षेप आहे तो या प्रशस्तीलाच.

नम्र माणूस स्वतःविषयी कमी बोलतो. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी खारे होत असताना तो गप्प राहत नाही. दुसऱ्यासाठी बोलण्याची वेळ आली असता धरलेले मौन हा संकोच असेल, भीती असेल किंवा निव्वळ आळस असेल. त्याला सद्गुणांच्या पंक्तीत बसविण्याचे कारण नाही.

या मौनाची किंमत आपण कोठे मोजतो ते पाहावे. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. महाराष्ट्रातील कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी देण्यापूर्वी २००६च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिचे चित्रीकरण होते, उपस्थितांनी मांडलेली मते नोंदविली जातात आणि शेवटी त्या नोंदींचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखविला जातो. विशेष म्हणजे या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. शंभर माणसे आली काय आणि दहा आली काय, सुनावणी झाली ती झालीच. २०२४च्या जानेवारीत वाढवण बंदरासाठी आमच्याच पालघर जिल्ह्यात अशी जनसुनावणी झाली. बंदराच्या बाजूने वा विरोधात कोणाचे मत काय असावे, हा येथे आमचा विषय नाही. आमचा मुद्दा साधा आहे. लेखी निवेदन देण्याची सोय आहे, ती वापरावी. पण त्या मंडपात जे बोलले गेले नाही आणि कागदावरही आले नाही, ते सरकारदरबारी घडलेच नाही. मनातली कळकळ इतिवृत्तात उतरत नाही.

यावर पहिले उत्तर मिळते ते हे की, वाणी ही देवाची देणगी आहे. ती सर्वांनाच कशी असणार? दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो, असे एक जुने सुभाषितही यासाठी मदतीला घेतले जाते. पण ज्या पुण्याने महाराष्ट्राला वक्त्यांची मालिकाच दिली, त्या पुण्याने वक्त्यांची वाट पाहिली नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली तेथे वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ असे आहे. जी गोष्ट उत्तेजन देऊन वाढते, ती केवळ जन्मजात कशी म्हणावी?

असेच निरीक्षण सातासमुद्रापलीकडे एका माणसाने केले होते. अमेरिकेतील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत काम करणारे राल्फ स्मेडली यांना दिसले की, तेथे येणारे तरुण कष्टाळू आहेत, पण चार माणसांत उभे राहून बोलणे आणि सभा चालविणे त्यांना जमत नाही. इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी अशा तरुणांची मंडळी जमवून पाहिली. पुढे २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे वायएमसीएच्या इमारतीत जी सभा भरली, तिच्यातून आजची टोस्टमास्टर्स ही संस्था उभी राहिली. शंभरावर देशांत तिचे क्लब आहेत. मुंबई, ठाणे, पुणे येथेही आहेत. नाव ऐकून आमच्या काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी निश्चिंत असावे; येथे पेला कोणी उचलत नाही. मेजवानीत वक्त्यांची ओळख करून देणारा तो टोस्टमास्टर, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आमच्या लग्नसमारंभात टोस्टसाठी दरवेळी त्याच एका गृहस्थांना का शोधावे लागते, हा प्रश्न मात्र या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

या क्लबात शिकवणारा गुरुजी नसतो, आणि आमच्या मते हेच त्याचे मर्म आहे. सभासदच बोलतात, सभासदच ऐकतात आणि ऐकणाऱ्याकडेही काम असते. पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे, चार ते सहा मिनिटांचे. नंतरची बहुतेक भाषणे पाच ते सात मिनिटांची. घड्याळ सांभाळणारा सभासद पाच मिनिटे झाली की हिरवी खूण दाखवितो, सहाव्या मिनिटाला पिवळी, सातव्याला तांबडी. दुसरा एक जण वक्त्याच्या तोंडून निघणारे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे की’ मोजत असतो. तिसरा भाषेकडे लक्ष ठेवतो. सभेच्या एका भागात विषय जागेवरच मिळतो आणि त्यावर एक-दोन मिनिटे बोलायचे असते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी असलेल्या ‘आयत्या वेळच्या विषयां’ची ही जणू तालीमच. शेवटी प्रत्येक भाषणावर एक सभासद उभा राहून दोन-तीन मिनिटांत काय साधले, काय निसटले आणि पुढच्या वेळी काय करावे हे तोंडावर सांगतो. सभेचे सूत्रसंचालनही आळीपाळीने प्रत्येकाकडे येते.

आता याची तुलना आमच्या वक्तृत्व स्पर्धांशी करावी. भाषण वडिलांनी वा शिक्षकांनी लिहिलेले असते, हातवारे आईने बसविलेले असतात, आणि दहा वर्षांचे मूल ‘अध्यक्ष महाशय’ म्हणून सुरुवात करून राष्ट्राच्या अधःपतनावर अश्रू ढाळते. मधली एक ओळ विसरली की सारा डोलारा कोसळतो, कारण त्या ओळींमागे मुलाचा स्वतःचा विचारच नसतो. तीन मुलांना ढाल मिळते, उरलेली सत्तावीस ‘आपल्याला बोलता येत नाही’ हा धडा घेऊन घरी जातात. ज्या उपक्रमातून बोलण्याची भीती जावी, त्याच उपक्रमातून आपण ती वर्षानुवर्षे वाटत आलो आहोत. क्लबात हरणे नसते. पुन्हा उभे राहणे असते. पंधरा दिवसांनी तीच माणसे समोर असतात आणि मागच्या वेळी त्यांनी काय सुचविले होते, ते त्यांच्या लक्षात असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘बोलघेवड्यांनी समाज आधीच बुडविला, त्यात आणखी भर कशाला? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!’ गोड बोलून फसविणारी माणसे आहेत, हे आम्हास मान्य आहे. क्लबातील टाळ्या हौसेने वाटल्या जातात आणि सफाईदार पोकळपणालाही त्या मिळू शकतात, हेही आम्ही नाकारीत नाही. पण ‘दोन शब्द बोलतो’ असे म्हणून चाळीस मिनिटे ध्वनिक्षेपक न सोडणाऱ्या वक्त्याला तांबडी खूण कधी कोणी दाखविली आहे काय? संस्थेच्या स्पर्धेत साडेसात मिनिटांपलीकडे गेलेले भाषण कितीही गाजले तरी बाद होते. बोलघेवडेपणावर एवढा कडक इलाज आमच्या कोणत्या सभेत आहे? शिवाय गोडबोल्यांचे फावते ते समोर प्रश्न विचारणारा नसतो म्हणून. एका सभागृहात पन्नास माणसांना नेमका प्रश्न विचारता येऊ लागला, की त्यांचा धंदा आपोआप मंदावतो.

तिसरी अडचण भाषेची, आणि येथे आम्हाला दोन्ही बाजूंशी भांडावयाचे आहे. घरात सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत पुस्तकी मराठी आणि वर इंग्रजीचा दरारा, अशा तीन पायऱ्यांवर आमचा माणूस अडखळतो. आपल्या ‘ळ’ला आणि ‘न’ला कोणी हसेल, या धास्तीने तो उभाच राहत नाही. अशा माणसाने आठवावे की, आमच्याच नंदाखालच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. दुसरीकडे आमच्यातले जे सुशिक्षित अशा क्लबांत जातात, त्यांतील अनेकांचा डोळा केवळ इंग्रजीवर असतो. नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी हवे, हे खरे; त्यांनी ते जरूर कमवावे. परंतु पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यासमोर, तलाठ्यासमोर, ग्रामसभेत बोलायचे ते मराठीतच. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांना लोकांशी बोलण्यासाठी लोकांची भाषा शिकावी लागली, म्हणून तर १६१६ साली रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. परक्या माणसाने जी भाषा कष्टाने कमावली, ती आपण लाजेपायी टाकावी काय?

आणखी एक गोष्ट स्त्रियांविषयी. या संस्थेनेही जवळजवळ अर्धशतक स्त्रियांना दार बंद ठेवले होते. १९७०मध्ये हेलन ब्लँचर्ड यांनी ‘होमर’ असे पुरुषी नाव लावून सभासदत्व मिळविले. संस्थेने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७३ साली, आणि १९८५मध्ये त्याच हेलन संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. कायद्याने दिलेल्या खुर्चीवर आमची भगिनी बसते, आणि तिच्या वतीने तिचे यजमान बोलतात! हा दोष तिच्या एकटीचा नाही. वेदीवरून बायबलचे वाचन ती स्वच्छ आवाजात, न चुकता करते. तो आवाज मंदिराच्या पायऱ्या उतरताच कोठे जातो, याचा विचार तिच्या घरानेही करावा.

मग करावे काय? ज्यांना शहरातल्या क्लबात जाणे शक्य आहे, त्यांनी अवश्य जावे. वर्गणी दर सहा महिन्यांनी द्यावी लागते आणि ती डॉलरच्या हिशेबाने ठरते. केळी-भाजीच्या वाडीवर चालणाऱ्या घराला ती जड जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच जे जातील त्यांनी ती पद्धत शिकून गावात आणावी. तिला परवाना लागत नाही. बारा-पंधरा माणसे, महिन्यातून दोन संध्याकाळी, दीड तास, एक घड्याळ आणि तीन रंगांचे पुठ्ठे, एवढ्या भांडवलावर प्रत्येक धर्मग्रामात मराठी वक्तृत्व मंडळ उभे राहू शकते. वाचनालयाची खोली असेल, शाळेचा वर्ग असेल. पाठ केलेले भाषण चालणार नाही, असा नियम करावा. विषय घरचेच घ्यावेत: पाण्याची टाकी, पतपेढीचा लाभांश, स्मशानभूमीची जागा, मुलांची शाळा. टीका भाषणावर करावी, माणसावर नको. आणि धर्मगुरूंनी पहिल्या बैठकीला आशीर्वाद देऊन पुढच्या बैठकांना श्रोत्यांत बसावे.

पहिल्या दिवशी पाय लटपटतील, घसा कोरडा पडेल, चौथ्या वाक्याला शब्द हरवतील. ते सर्वांचेच होते. सहाव्या-सातव्या बैठकीपर्यंत ज्याचे त्याला कळेल की, त्याला बोलता येतच होते; फाटकाबाहेर तो इतकी वर्षे तेच करीत होता. आता ते फाटकाच्या आत, अध्यक्षांची परवानगी घेऊन, सात मिनिटांत करायचे आहे.